उकळायची नव्हती ती कांडी

“उकळलं का?”

त्यांचा दिवस या प्रश्नाने सुरू व्हायचा. सिरिंज हातात द्या, चिमटा द्या, कात्री द्या, आधी त्यांच्या भुवया वर जायच्या आणि मग हा प्रश्न यायचा. एकदा तपासणीला आलेल्या बड्या साहेबांनी गाईच्या जखमेकडे बोट नेलं, तेव्हा त्यांनाही यांनी तितक्याच अदबीने विचारलं, “उकळला का हात, मेहेरबान?” हात उकळता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पण साहेबांनी तो मागे घेतला आणि पुढची सगळी तपासणी खिशात हात घालून केली.

राणीसावरगावच्या बाजूला एका गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता. ते तिथले ड्रेसर. सरकारी कागदात या पदाला व्रणोपचारक असं भारदस्त नाव आहे, पण ते नाव कागदातच राहतं. मी तिथला डॉक्टर. वय अठ्ठावीस, पाथरीकडच्या खात्यापित्या शेतकरी घरातला, नवीन नोकरी, आणि डोक्यात हवा. ते माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे असतील. तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो. सगळेच करायचे, म्हणून मीही करायचो. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांचं नाव मात्र इथे लिहीत नाही. ते एकदा एका कागदावर नको त्या जागी लिहिलं गेलं, आणि लिहिणारा मी होतो. नंतर दुसऱ्या एका कागदावर हव्या त्या जागी लिहिलं, तेव्हा उशीर झाला होता. या दोन कागदांच्या मधला माणूस तुम्हाला दाखवावा, एवढंच मनात आहे.

तुम्ही खेड्यातल्या अशा दवाखान्यात कधी तासभर बसला असाल, तर तुमच्या लक्षात आलं असेल की जनावर घेऊन येणारा माणूस डॉक्टरच्या खुर्चीकडे बघत नाही. तो ड्रेसर कुठे आहे ते बघतो. आमच्याकडेही तसंच होतं. मी आत औषध लिहीत बसायचो आणि बाहेर कडुनिंबाखाली बुजलेला बैल त्यांच्या एका बोलण्यावर थांबायचा. “ठैर बेटा, ठैर. तुझंच काम चाललंय.” जनावरांशी ते अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलत. माणसांशी कमीच.

मोडलेलं हाड सांधलं की नाही हे ते हाताच्या पालथ्या बाजूने ओळखायचे. प्लास्टरच्या वरखाली हात फिरवायचे, मग वास घ्यायचे, मग जनावराला चार पावलं चालवायचे. “हाडाला काम पायजे डाक्टरसाब. बसून ऱ्हायलं की हाडबी आळशी व्हतंय.” परभणीला नेऊन एक्स-रे फोटो काढला तर तो बहुतेक त्यांच्याच बाजूने निघायचा.

आणि तुम्हाला ते भगुणं दाखवलं पाहिजे. ॲल्युमिनियमचं, बुडाला आणि एका बाजूने कायमचं काळं. त्यात दिवसभर स्टोव्हवर पाणी खदखदत असायचं. नवीन भगुणं मंजूर झालं तेव्हा त्यांनी ते खोक्यातच ठेवलं. मी विचारलं, हे इतकं काळं कसं रे? ते म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर साली मी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात हुतो. घर पेटवलं आमचं. सरकारी सामान घरी ठेवलेलं, ते तेवढं काढता आलं.” मग झाकण बाजूला करून आत पाहिलं. “भगुण्याला काय झालं न्हाई. काळं पडलं, एवढंच.”

यावर मी काय बोललो? काहीच नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, नाव बदललेलं नव्हतं, आणि गावागावात त्यावरून मनं धुमसत होती. कुणी मला विचारलं तर मी म्हणायचो, आपण डॉक्टर माणूस, आपण कुठल्याच बाजूला नाही. हे वाक्य मला फार समजूतदार वाटायचं.

आता पेनाची गोष्ट. एका शेळीची जखम किती खोल गेलीय हे दाखवताना मी खिशातलं पेन काढून त्याच्या टोपणाने जखमेची कड उचलली. संध्याकाळी पेन सापडेना. सगळं टेबल उलटंपालटं केलं. शेवटी त्यांनी चिमट्याने भगुण्यातून काहीतरी बाहेर काढलं. पाणी निळंशार झालेलं. पेनाचं टोपण उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखं वाकलेलं.

“अरे, हे काय केलंस?”

“जखमेत घातलं हुतं तुमी.”

“म्हणून पेन उकळायचं?”

“मंग काय? ते काय पाव्हणं हाय?”

मी चिडलो होतो आणि हसूही येत होतं. ते मात्र टोपणाकडे बारकाईने बघत होते. बोटाने चाचपून म्हणाले, “काच उकळली, लोखंड उकळलं, कापूस उकळला. ह्या जातीचं मातर उकळायचं नसतंय.” ते टोपण त्यांनी टाकलं नाही. स्टोव्हच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. त्यांनी ठेवली होती. मी नाही.

दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर गयाबाईचं घर होतं. एकटी बाई, थोडी कोरडवाहू जमीन, आणि गोठ्यात एक लाल कंधारी कालवड, चार महिन्यांची. गयाबाई त्यांना घराच्या पायरीवर येऊ द्यायची नाही. पण कालवडीला काही झालं तर माझ्याकडे न येता थेट त्यांनाच हाक मारायची. काम झालं की पाणी द्यायची, ते असं: “ओंजळ धर.” आणि तांब्यातून वरून बारीक धार सोडायची. ते वाकून ओंजळीने प्यायचे. दोन घोट स्वतः घेऊन उरलेलं पाणी तसंच हातात धरून ते गोठ्याकडे वळायचे आणि कालवडीपुढे हात करायचे. ती खरखरीत जिभेने त्यांचे तळवे चाटून काढायची. गयाबाई हे बघायची आणि काही म्हणायची नाही. तिच्या तांब्यातलं पाणी त्यांच्या हातातून तिच्या जनावराच्या पोटात गेलेलं तिला चालायचं.

त्यावर ते एकदाच बोलले होते. “तिला माझा हात पायजे, मी नको. असू द्या. हाताला तर नाव हाय.”

त्या गावात त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. हाताचं नाव होतं, तेवढंच.

त्याच सुमारास मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला. तिथे हाडांसाठी एक नवं द्रव्य तयार करत होते. आंबलेल्या दुधातल्या आम्लाचे असंख्य कण साखळीसारखे एकात एक गुंफून केलेला पॉलिमर. त्याची पांढरी, जाळीदार कांडी. हाडाचा तुकडा निघून गेला असेल तिथे ती बसवायची. तिच्या बारीक भोकांतून रक्त शिरतं, हाडाच्या पेशी शिरतात, त्या भोकांच्या आधाराने नवं हाड धरतं. आणि हाड जसं भरत येतं तशी कांडी हळूहळू विरघळून जाते. वर्षभराने उघडून पाहिलं तर हाड असतं, कांडी नसते. आज हे ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. तेव्हा मला ते जादूसारखं वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या जादूत मला माझी पुढची पदवी दिसत होती.

प्रयोगशाळेने तीन कांड्या पाठवल्या. प्रत्येक वेगळ्या पाकिटात बंद. सोबत चार पानांचं इंग्रजी माहितीपत्रक आणि एक पोचपावती. पोचपावतीवर छापलं होतं, ‘सूचना वाचल्या व समजल्या’. मी सही करून ती त्याच दुपारी टपालात टाकली. माहितीपत्रकाचं पहिलं पान वाचलं. पॉलिमर म्हणजे काय ते त्यात होतं, आणि ते मला येत होतं. मी पुढची पानं उलटली नाहीत.

“ह्यात काय लिवलंय?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना कांडीचं काम समजावून सांगितलं. ते उकिडवे बसून ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजी कमानीखालची माती.”

“कसली माती?”

“मी पोरगा असताना मिस्तरीच्या हाताखाली हुतो. विटांची कमान बांधायची तर आधी खाली माती भरायची, तिच्यावर विटा रचायच्या. कमान बसली की खालची माती कोरून काढायची. कमान आपल्या जोरावर उभी. ही कांडी म्हंजी आपली आपण निघून जाणारी माती.”

मी पुढे पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ शिकलेल्या लोकांसमोर या विषयावर बोललो. दर वेळी ही कमानीची उपमा दिली. लोकांना आवडायची. ती कुणाची, हे मी एकदाही सांगितलं नाही. हा माझा मोठा गुन्हा नव्हे, पण मोठ्याच्याच जातीचा आहे.

पंधरा दिवसांत गयाबाईच्या कालवडीचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली आला. पुढच्या पायाची नळी मोडली, हाडाचा बोटभर तुकडा चुरा होऊन गेला. नुसत्या प्लास्टरने भागणार नव्हतं. मला हवा होता तसाच हा पाय होता. गयाबाई तयार होईना. सरकारी डॉक्टरवर तिचा भरवसा नव्हता. मग ते तिच्या पायरीखाली उभं राहून म्हणाले, “मी हाय ना, आई.” ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तू हाईस म्हणून देते.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी कालवड कडुनिंबाखाली पोत्यांवर आडवी केली होती. भूल दिलेली. भगुणं खदखदत होतं. मी हात धूत होतो. त्यांनी पाकीट फोडलं, चिमट्यात कांडी धरली आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न उलटा विचारला.

“डाक्टरसाब, ही उकळायची का?”

“आणि आता तूच विचारतोस? आजवर काय न उकळता घेतलंय आपण?”

“न्हाई, पण ही पेनाच्या टोपणाच्या जातीची दिसायलीय. कागदात काय लिवलंय, बगता का एकदा?”

माहितीपत्रक आत टेबलावर होतं. माझे हात धुऊन झाले होते. आत जायचं, कागद बघायचा, पुन्हा हात धुवायचे, एवढंच काम होतं.

“ते पेन होतं,” मी म्हणालो. “हे संशोधन आहे. टाक भगुण्यात.”

त्यांनी टाकली. दहा मिनिटांनी काढली तेव्हा ती किंचित वाकली होती आणि तिच्यावर चकाकी आली होती. “भोकं मिटली बगा हिची,” ते म्हणाले. मी पाहिलं. मलाही दिसलं. पण कालवड भुलीत होती, पाय उघडा होता, गयाबाई लांब उभी राहून बघत होती. तिच्यासमोर थांबायचं म्हणजे चुकलं असं कबूल करायचं. मी हात पुढे केला. “दे इकडं.”

पुढचे दोन महिने त्यांनी त्या कालवडीला जिवापाड सांभाळलं. रोज सकाळी जाऊन पट्टी बघायचे, कामट्या नीट करायचे, आधार देऊन चालवायचे. पण हाताच्या पालथ्या बाजूला कळतच होतं. “आत ऊब हाय, पण ती चांगली ऊब न्हाई,” ते म्हणाले. प्लास्टर काढलं तेव्हा आत पू होता. हाडाची दोन टोकं तशीच वेगळी, आणि मधे कांडीचा मऊ, वेडावाकडा लगदा. पाय कायमचा गेला. तीन पायांवर लंगडणारी कालवड गयाबाईने काही दिवस ठेवली आणि मग बाजारात नेऊन दिली.

त्या दिवशी मी टेबलाशी बसून माहितीपत्रक पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्या पानावर, जाड काळ्या चौकटीत लिहिलं होतं: उष्णता लावू नये. उकळू नये. पाकिटातून काढून थेट वापरावी.

मी कागदाची घडी घातली, खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं.

गयाबाई दवाखान्यासमोर येऊन मोठ्याने बोलली. मला नाही. त्यांना. “तुझ्या हातावर इसवास ठिवला. तुझ्या हातालाच बाट हाय, ते मला कळाया पायजे हुतं.” ते मान खाली घालून ऐकत होते. दोन दिवसांत गावात वेगळंच बोललं जाऊ लागलं. ड्रेसरने मुद्दाम केलं, म्हणे. गावाने नामांतराला विरोध केला म्हणून गावावर राग काढला. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या वर्षांत असं बोलणं कुठवर जाऊ शकतं, हे त्यांना भगुण्याच्या बुडावरून माहीत होतं. त्यांनी बायकोला पिंगळीला, आपल्या मूळ गावी, पाठवून दिलं.

मला प्रयोगशाळेला अहवाल पाठवायचा होता. त्याची प्रत जिल्ह्याच्या साहेबांना. मी लिहिलं, ‘वापरण्यापूर्वी सहायकाने तुकडा पाण्यात उकळल्यामुळे तो निकामी झाला.’ पुढे कंसात त्यांचं पूर्ण नाव. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ते वाक्य मी चार वेळा लिहून पाहिलं होतं, म्हणून सांगतो. खोटं न बोलता खोटं कसं लिहायचं, ते त्या दिवशी मला जमलं.

चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले. माझ्याच खुर्चीत बसले. मी बाजूला स्टुलावर. ते समोर उभे.

“तुकडा कुणी उकळला?”

“म्या, साहेब.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. आपण जनावराला चालवताना दोर ढिला सोडून थांबतो ना, त्याने आपलं आपण पाऊल टाकावं म्हणून, तसं ते बघत होते. बाहेर स्टोव्हचा आवाज येत होता. मी समोरच्या नोंदवहीचं पान उलटलं. मग आणखी एक उलटलं.

“म्हणजे सवयीने उकळलास, असंच ना?” साहेबांनी विचारलं.

त्यांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. “व्हय साहेब. सवय हाय आमची. आमी समदंच उकळतो.”

त्यांच्यावर ठपका ठेवला गेला. जनावराला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. परभणीच्या एका कचेरीत टपाल वाटायचं काम त्यांना दिलं. जाताना त्यांनी स्टोव्ह पुसला, भगुणं उपडं घातलं आणि वाकडं टोपण फळीवरून काढून खिशात टाकलं. मला म्हणाले, “दोन कांड्या राहिल्यात. त्या उकळू नका.”

त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही. माहितीपत्रक त्यांनी वाचलेलं नव्हतं. पण ज्याने वाकडं टोपण जपून ठेवलं, त्याला माहितीपत्रकाची काय गरज?

उरलेल्या दोन कांड्या मी पाकिटातून थेट वापरल्या. एक शेळीला, एक कुत्र्याला. दोन्ही हाडं भरून आली. वर्षाने काढलेल्या फोटोत कांडीचा मागमूस नव्हता, जिथे पोकळी होती तिथे अखंड हाड. मी ते फोटो उजेडात धरून तासन्‌तास पाहिले आहेत. मला पदवी मिळाली. बढती मिळाली. परभणीला बदली झाली. माझ्या प्रबंधात ते वाक्य कायम राहिलं, सहायकाच्या चुकीचं.

परभणीत एकदा ते मला दिसले. सायकलच्या दांडीला टपालाची पिशवी, बोटांना शिक्क्याची जांभळी शाई. स्टेशन रोडवर समोरून येत होते. मी एका दुकानात शिरलो आणि नको असलेला साबण विकत घेतला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. सोळा वर्षांनी. त्या दिवशी माझ्या कचेरीतल्या एका तरुण कारकुनाने पेढे वाटले. मी पेढा हातात घेतला आणि मला तो खाता येईना. घर जळाल्याचं त्यांनी मला सांगितलं होतं ते आठवलं, आणि त्यावर मी गप्प बसलो होतो ते आठवलं. आपण कुठल्याच बाजूला नाही असं म्हणत मी कुठल्या बाजूला उभा होतो, ते मला त्या पेढ्याने दाखवलं. महिनाभराने मी पॅसेंजरने पिंगळीला उतरलो.

ते मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी होते. वाळले होते. अंगणात बाज टाकून बसले होते. मला बघून उठले. “या डाक्टरसाब.”

“तुम्ही बसा,” मी म्हणालो.

ते हसले. “आज ‘तुमी’ म्हणायलाव?”

मी म्हणालो की चौकशीच्या दिवशी मी बोलायला हवं होतं. उकळायला मीच सांगितलं होतं. तुम्ही अडवलं होतं मला.

“ठाऊक हाय की,” ते म्हणाले. “मी तिथंच हुतो.”

“मग तुम्ही का नाही सांगितलं?”

“कुणी ऐकलं असतं? डाक्टर एकीकडं, मी एकीकडं. आन्‌ ते दिवस.” मग म्हणाले, “पण ते बी खरं कारण न्हाई. तुमी बोलताल म्हणून थांबलो हुतो. साहेबांनी दुसरा सवाल केला तवर थांबलो. मंग वाटलं, उद्या बोलताल. परभणीत वाटलं, दिसताल तवा बोलताल. साबणाच्या दुकानात शिरलात तुमी.”

आतून त्यांच्या बायकोने चहा आणला. कप गरम पाण्यातून काढलेले, हाताला चटका बसावा इतके गरम. मी म्हणालो, मी साहेबांना पत्र लिहितो. सगळं लिहितो.

“लिवा,” ते म्हणाले. जाऊ द्या म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत. “लिवा. हितंच लिवा, माझ्यासमोर.”

“इथे कसं… कचेरीत जाऊन नीट टाईप करून देतो. पेनही नाही माझ्याकडे.”

माझ्या खिशाला पेन होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चहाचा कप उचलला.

ते पत्र लिहायला मला दिवाळी उजाडली. कधी दौरा, कधी घरचं आजारपण, कधी वरच्या साहेबांची बदली. कारणं सगळी खरी होती. कारणं नेहमी खरीच असतात. शेवटी लिहिलं, सही केली, आवक शिक्का मारलेली प्रत घेतली आणि पिंगळीला गेलो. अंगणात बाज उभी करून ठेवली होती. त्यांच्या बायकोने मला ओळखलं. “पंधरा दिस झाले,” ती म्हणाली. “छातीत दुखलं, परभणीला न्यायच्या आत गेले.”

मी उभाच होतो. हातातला कागद कुठे ठेवावा कळेना. तिने विचारलं, “ते लिवलं का?”

“लिहिलं.”

“वाचा.”

मी वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या असतील, तिने हात वर केला. “थांबा. हितं काय वाचायलाव? हितं त्येंच्या हातावर कुणी शक घेतला न्हाई. जिथं घेतला तिथं जाऊन वाचा. गयाबाईच्या दारात.”

तिने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. फळीवरची एक डबी काढून त्यातलं वाकडं टोपण माझ्या हातावर ठेवलं. “तुमचं हाय म्हणले हुते.”

दुसऱ्या दिवशी मी त्या गावी गेलो. दवाखान्यात नवीन डॉक्टर होता, त्याच्याकडे गेलो नाही. गयाबाई ओसरीवर बसली होती. फार म्हातारी झाली होती, कानाने मंद. मी पायरीखाली उभा राहून पत्र वाचलं. मोठ्याने वाचावं लागलं, म्हणून आजूबाजूचे लोकही दारात आले. कांडी उकळू नये असं लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही. ड्रेसरने मला दोनदा अडवलं. मी ऐकलं नाही. चौकशीत मी गप्प बसलो. कालवडीचा पाय माझ्यामुळे गेला. मग त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तेही मोठ्याने वाचलं.

गयाबाईने कानामागचा हात खाली घेतला.

“म्हंजी त्येचा हात चांगला हुता,” ती म्हणाली.

“हो.”

“आन्‌ तुमाला ठाऊक हुतं.”

“हो.”

तिने आणखी काही विचारलं नाही. मी पाणी मागितलं. ती भिंतीचा आधार घेत उठली, आत गेली, तांब्या घेऊन आली. पेला आणला नव्हता. ओसरीच्या कडेला उभी राहून म्हणाली, “ओंजळ धरा.”

मी वाकलो. ओंजळ धरली. तिने वरून बारीक धार सोडली. पाणी मनगटावरून बाहीत गेलं. दोन घोट प्यायलो. उरलेलं पाणी तसंच हातात धरून, का कोण जाणे, मी गोठ्याकडे वळलो.

गोठ्यात दावं होतं, खुंटा होता. हात पुढे करावा असं तिथे कुणी नव्हतं.